खाणीच्या हवेतील मिथेन जाळणारे सिरॅमिक उत्प्रेरक आणि त्यांचे पुनरुज्जीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोळशाच्या भूमिगत खाणीतून पंख्यावाटे बाहेर पडणाऱ्या हवेतील विरळ मिथेन जाळण्यासाठी सिरॅमिकच्या ठोकळ्यांवर बसवलेले उत्प्रेरक वापरले जातात. काही काळाने ते मंदावतात. अशा ठोकळ्यांची तपासणी, सफाई आणि पुनरुज्जीवन यांविषयी खाण-अभियंते, रासायनिक अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि यंत्रचालक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. या सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे. मंदावलेला उत्प्रेरक बहुतेक वेळा मेलेला नसतो. मात्र तो कशाने मंदावला हे न शोधता त्याला सरळ भट्टीत घातले, तर तो हमखास मरतो.

खाणीच्या हवेतील मिथेन इतका विरळ असताना तो जाळण्याचा खटाटोप कशासाठी?

मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की त्याचा स्फोट होऊ शकतो. त्यामुळे खाणीत भरपूर हवा खेळवून तो या मर्यादेच्या खूप खाली ठेवला जातो. आपल्याकडील कोळसा खाण विनियमांनुसार कोणत्याही वायुवीजन विभागाच्या परतीच्या हवेत ज्वलनशील वायू ०.७५ टक्क्यापेक्षा आणि खाणीत कोठेही १.२५ टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे पंख्यातून बाहेर येणारा मिथेन विरळ असतो तो मुद्दाम विरळ केलेला असतो म्हणून. त्याचे एकूण प्रमाण त्यामुळे कमी होत नाही.

एक साधा हिशेब करून पाहावा. पंखा सेकंदाला १०० घनमीटर हवा बाहेर टाकतो आणि तिच्यात ०.४ टक्के मिथेन आहे, असे धरू. म्हणजे सेकंदाला ०.४ घनमीटर, वजनात सुमारे पाव किलो, दिवसाला साडेबावीस टनांहून थोडा अधिक आणि वर्षाला आठ हजार टनांच्या पुढे मिथेन वातावरणात जातो. शंभर वर्षांच्या मापाने मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरली, तर हे २ लाख ३० हजार टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे होते. हाच मिथेन जाळला तर सुमारे २३ हजार टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वाचणारा भार या दोहोंतील फरकाइतका आहे, आणि तो एकाच पंख्याचा आहे.

०.४ टक्के मिथेन ज्योतीने पेटत नाही. मग तो जळतो कसा?

ज्योत टिकणार नाही हे खरे, परंतु हवा पुरेशी तापवली तर एवढ्या विरळ मिथेनचेही ऑक्सिडीकरण होते. यासाठी उलट-सुलट प्रवाहाची भट्टी वापरतात. सिरॅमिकच्या थरातून हवा काही मिनिटे एका दिशेने जाते, मग झडपा बदलून ती उलट दिशेने पाठवली जाते. जळण्यातून निघालेली उष्णता थर धरून ठेवतो आणि पुढच्या फेरीत थंड हवेला देतो. एक टक्का मिथेन पूर्ण जळला तर हवेचे तापमान साधारण २५० ते २७० अंश सेल्सिअसने वाढते, ०.४ टक्क्याने जेमतेम शंभर अंशांनी. एवढ्याशा उष्णतेवर भट्टी चालू राहते ती केवळ उष्णतेच्या या काटकसरीमुळे.

या भट्ट्यांचे दोन प्रकार आहेत. उष्मीय भट्टीत उत्प्रेरक नसतो आणि थराचे तापमान हजार अंशांच्या आसपास ठेवावे लागते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील वेस्ट क्लिफ खाणीवर २००७ मध्ये सुरू झालेला प्रकल्प या प्रकारचा होता. ताशी अडीच लाख घनमीटर हवेतील मिथेन जाळून त्या उष्णतेवर ६ मेगावॉटचे बाष्प-टर्बाइन चालवले गेले. दुसरा प्रकार उत्प्रेरकी भट्टीचा. कॅनडातील कॅनमेट या सरकारी संस्थेने हा प्रकार विकसित केला. यात ३५० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात काम होते, त्यामुळे भट्टी आकाराने लहान राहते आणि पोलादाची निवड सोपी होते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने उत्प्रेरकी ज्वलनावर चालणारे गॅस टर्बाइन तयार करून चीनमधील हुआयनान येथे त्याची चाचणी घेतली.

आमच्या भट्टीत सिरॅमिकचे ठोकळे आहेत. ते सगळे उत्प्रेरकच का?

नाही, आणि हा गोंधळ वारंवार होतो. उष्मीय भट्टीतील ठोकळे केवळ उष्णता साठवतात. त्यांची सफाई करायची असते, पुनरुज्जीवन नाही. उत्प्रेरकी भट्टीतही दोन्ही टोकांना कोरे सिरॅमिक आणि मध्यभागी उत्प्रेरक अशी रचना असते. कोऱ्या ठोकळ्यांवर धातूची पुनर्लेपन प्रक्रिया करणे म्हणजे पॅलेडियम हा महागडा उत्प्रेरक धातू वाया घालवणे होय. भट्टी उघडताना प्रत्येक ठोकळ्याची जागा, थर आणि दिशा खडूने नव्हे तर तापमान सोसणाऱ्या रंगाने लिहून ठेवावी.

उत्प्रेरकाची रचना कशी असते?

बाहेरून दिसतो तो मधमाशीच्या पोळ्यासारखा, सरळ आरपार नळ्यांचा ठोकळा. तो बहुधा कॉर्डिएराइट या मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकाच्या संयुगाचा असतो. ॲल्युमिनाच्या तुलनेत कॉर्डिएराइट तापल्यावर फारच थोडा प्रसरण पावतो, म्हणून अचानक तापमान बदलले तरी तो सहसा तडकत नाही. त्याच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा अतिशय सच्छिद्र, केसाच्या जाडीहूनही पातळ असा लेप असतो. त्याला वॉशकोट म्हणतात. या लेपात पॅलेडियमचे काही नॅनोमीटर आकाराचे कण विखुरलेले असतात. पॅलेडियम ऑक्साइडच्या रूपातील हेच कण मिथेनचा मजबूत कार्बन-हायड्रोजन बंध तोडतात. मँगनीज, कोबाल्ट किंवा लोह असलेली पेरोव्हस्काइट आणि हेक्साॲल्युमिनेट संयुगेही वापरली जातात. ती स्वस्त आहेत आणि अधिक उष्णता सोसतात, पण कमी तापमानाला पॅलेडियमची बरोबरी करत नाहीत. पुढील उत्तरे प्रामुख्याने पॅलेडियमच्या उत्प्रेरकांविषयी आहेत.

आधार, लेप आणि धातू या तीन थरांपैकी नेमके कोणाचे दुखणे आहे, यावरच सारा उपचार अवलंबून असतो.

उत्प्रेरक मंदावल्याचे कसे ओळखावे?

बाहेर जाणाऱ्या हवेतील मिथेन वाढणे ही उशिरा दिसणारी खूण आहे. त्याआधी दोन गोष्टी हलतात. पहिली, थरातील सर्वाधिक तापमानाची जागा मध्यापासून सरकू लागते किंवा भट्टी चालू ठेवण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक मिथेन लागतो. दुसरी, थराच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक वाढतो. दाबफरक वाढला आणि मिथेनचे रूपांतर मात्र टिकून आहे, तर धूळ साचली आहे. दाबफरक तसाच आहे आणि रूपांतर घसरले, तर दुखणे लेपात किंवा धातूत आहे. दोन्ही बिघडले असतील तर सफाई आधी आणि रासायनिक उपचार नंतर.

दाबफरकाकडे दुर्लक्ष करणे खिशाला जड जाते. सेकंदाला १०० घनमीटर हवेच्या वाटेत हजार पास्कल अडथळा वाढला तर केवळ हवा ढकलण्यासाठी १०० किलोवॉट जादा लागतात. पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १४० किलोवॉटच्या पुढे. वर्षाकाठी हे बारा लाख युनिटांहून अधिक होतात.

खाणीच्या हवेत असे काय असते की ज्याने उत्प्रेरक बिघडतो?

ही हवा कारखान्याच्या चिमणीतील वायूपेक्षा स्वच्छ असते, असा समज आहे. तो बरोबर नाही. तिच्यात कोळशाची बारीक धूळ असते. तिच्यात चुनखडीची भुकटीही असते, कारण कोळशाच्या धुळीचा स्फोट पसरू नये म्हणून खाणीच्या रस्त्यांवर न जळणारी भुकटी मुद्दाम पसरली जाते. खाणीत तिला सगळे ‘स्टोन डस्ट’ म्हणतात. अपकास्ट शाफ्टमधून, म्हणजे वापरलेली हवा बाहेर काढणाऱ्या उभ्या विहिरीतून, वर येणाऱ्या हवेबरोबर खाणीच्या पाण्याचे थेंब येतात, आणि त्या पाण्यात मीठ, सोडियम, पोटॅशियम विरघळलेले असतात. कोळशातील पायराइट (लोह आणि गंधक यांचे खनिज) जळला की सल्फर डायऑक्साइड तयार होतो. यंत्रांच्या तेलाची वाफ, सुरुंगाचा धूर हेही असतातच.

यांपैकी चुनखडीच्या भुकटीबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक चुका तिच्याच बाबतीत होतात. भुकटी थंड टोकाला साचते तोवर ती निरुपद्रवी असते. झटकली की निघते. परंतु थराच्या गरम भागात, साधारण ६५० ते ७०० अंशांच्या पुढे, चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीच्या चुन्यावर पाणी ओतल्यावर काय होते हे जुन्या घरांना सफेदी करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे : तो फसफसतो, तापतो आणि फुगतो. त्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. हीच क्रिया एक मिलिमीटर रुंदीच्या नळीत, मुळातच सूक्ष्म भेगा असलेल्या भिंतीला टेकून झाली, तर ती भिंत फुटते. भट्टी बंद करून थंड झालेल्या थरावर पावसाळ्यातली दमट हवा फिरली तरी हे घडू शकते.

या भुकटीची एक चांगली बाजूही नोंदवली पाहिजे. चुना गंधक धरून ठेवतो. प्रवेशाच्या बाजूला साचलेला पातळ थर मागच्या पॅलेडियमला काही प्रमाणात गंधकापासून वाचवतो. पण या फायद्यासाठी थर साचू द्यावा, असे मुळीच नाही. त्यासाठी कोऱ्या ठोकळ्यांचा किंवा चुन्याच्या गोळ्यांचा वेगळा, सहज बदलता येणारा थर पुढे ठेवणे योग्य.

पाण्याच्या वाफेमुळे उत्प्रेरक कायमचा खराब होतो का?

बहुतांशी नाही. ३० अंशांची संपृक्त हवा घेतली तर तिच्यात ४ टक्क्यांहून थोडी अधिक वाफ असते, म्हणजे मिथेनच्या दहापट. पाण्याचे रेणू पॅलेडियम ऑक्साइडच्या पृष्ठभागावर बसून मिथेनची जागा अडवतात. थर ५०० अंशांच्या वर नेऊन कोरडी हवा फिरवली की ही अडवणूक बरीचशी सुटते. दीर्घकाळ वाफेत राहिल्याने कण एकमेकांत मिसळून मोठे होणे मात्र परतवता येत नाही. म्हणूनच एखादी बॅच नवी असताना कोरड्या हवेत दाखवलेली कामगिरी प्रत्यक्ष खाणीवर मिळत नाही, यात उत्पादकाची किंवा चालकाची लबाडी असतेच असे नाही. चाचणीच चुकीच्या हवेत झालेली असते.

ठोकळे बाहेर काढल्यावर सर्वप्रथम काय करावे?

पाहावे, वाजवावे आणि मगच उपकरणांकडे वळावे. ठोकळा खिडकीच्या उजेडाकडे धरून नळ्यांतून पाहिले की बंद झालेल्या नळ्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. एका चौरस इंचातील काळे ठिपके मोजून तीन-चार जागांची सरासरी काढावी. माठ घेताना टिचकी मारतात तशी ठोकळ्यावर हलकी टिचकी मारावी. शाबूत ठोकळा खणखणीत वाजतो, आतून तडा गेलेला बद्द वाजतो. बद्द वाजणारे ठोकळे वेगळे ठेवावेत. ते धुण्यात टिकत नाहीत.

मग नळीच्या तोंडाशी साचलेली पांढरी पूड खरवडून दोन चिमट्या घ्याव्यात. एका चिमटीवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. भरपूर बुडबुडे आले तर ती अजून चुनखडी आहे. बुडबुडे आले नाहीत, तर दुसरी चिमूट पाण्यात कालवून ते पाणी हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदावर लावावे. हळद कुंकवासारखी लाल झाली तर चुनखडीचा चुना झालेला आहे आणि ठोकळा सरळ पाण्यात बुडवायचा नाही. ना बुडबुडे, ना लाली, असे झाले तर ते बहुधा जिप्सम, खडकाची भुकटी किंवा कोळशाची राख असते. माझ्याकडे तपासणीसाठी आलेल्या एका ठोकळ्याच्या पुढच्या चार सेंटिमीटरमधील पुडीला बुडबुडे आले होते आणि त्यामागच्या भागातील पुडीने हळद लाल केली होती. तापमानाचा उतार त्या एका ठोकळ्यात जणू लिहून ठेवलेला होता. तो आडवा कापून दोन भागांवर वेगवेगळे उपचार करावे लागले.

यानंतर प्रयोगशाळेतील तपासण्या : क्ष-किरण प्रतिदीप्तीने कॅल्शियम, गंधक, सोडियम, क्लोरीन आणि फॉस्फरस, नायट्रोजन शोषणाने लेपाचे पृष्ठक्षेत्र, कार्बन मोनॉक्साइड शोषणाने उघड्या पॅलेडियमचे प्रमाण. तुलनेसाठी त्याच बॅचचा न वापरलेला एक ठोकळा जपून ठेवलेला असला पाहिजे. तो नसेल तर सर्व आकडे अधांतरी राहतात.

कोळशाची धूळ जळूनच जाणार आहे. मग धुण्याआधी ठोकळे भट्टीत तापवले तर काय बिघडते?

या एका सवयीने जितके चांगले ठोकळे वाया गेले आहेत, तितके दुसऱ्या कशानेही गेले नसतील. पहिले कारण वर आलेच आहे : चुनखडीचा कळीचा चुना होतो आणि पुढच्या धुण्यात भिंती फुटतात. दुसरे, कोळशाची धूळ पॅलेडियमच्या सान्निध्यात भडकून पेटते आणि त्या जागी तापमान भट्टीच्या काट्यापेक्षा शेकडो अंशांनी वर जाते. हजार-अकराशे अंशांना लेपातील सच्छिद्र ॲल्युमिना घट्ट अल्फा रूपात बदलतो आणि त्याचे पृष्ठक्षेत्र ग्रॅममागे शंभर-दोनशे चौरस मीटरवरून दहाच्याही खाली येते. तिसरे, सोडियम आणि पोटॅशियम गरम कॉर्डिएराइटमध्ये शिरतात आणि त्याला ठिसूळ करतात. ही तिन्ही नुकसाने परतवता येत नाहीत.

त्यामुळे क्रम असा : कोरडी झटक, मग धुणे, मग सावकाश वाळवणे, मग उष्णता.

कोरडी सफाई कशी करावी?

व्हॅक्यूमने ओढत, दुसऱ्या बाजूने कोरडी, तेलविरहित हवा मंद दाबाने सोडावी, आणि तीही वापरातील प्रवाहाच्या उलट दिशेने. जोराच्या फवाऱ्याने लेपच उडतो. निघालेली धूळ तोलून तिची नोंद ठेवावी. ही धूळ श्वासावाटे जाऊ नये म्हणून योग्य मुखपट्टी वापरावी. तिच्यात सिलिका असते, आणि पॅलेडियमची संयुगे काही जणांच्या त्वचेला बाधतात.

धुण्यासाठी कोणते द्रावण वापरावे?

बहुतेक वेळा खनिजविरहित, म्हणजे डीएम पाणी पुरते. क्लोराइड आणि सोडियम त्यातच निघून जातात. बोअरवेलचे किंवा नळाचे पाणी वापरू नये. जे काढायचे तेच त्याने पुन्हा आत जाते.

चुनखडी असेल तर २ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल, खोलीच्या तापमानाला, थोड्या वेळासाठी. कॅल्शियम ॲसिटेट विरघळून जाते आणि मागे राहिलेले ॲसिटेट उष्णतेत जळून जाते. चुना झालेला असेल तर ठोकळा बुडवण्याऐवजी ओलसर कार्बन डायऑक्साइडयुक्त हवा मंद तापमानाला कित्येक तास फिरवून त्याची पुन्हा चुनखडी करता येते. पुनर्बंधनाची ही क्रियाही आकारमान वाढवते, परंतु हळूहळू, आणि भिंतीला ती बरीच सोसते.

हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, कारण क्लोराइड हे पॅलेडियमला विष आहे आणि हे आम्ल धातूही ओढून नेते. सल्फ्युरिक आम्लाने कॅल्शियमचा जिप्सम होऊन तो नळ्यांत अडकतो, वर गंधक मिळते ते वेगळेच. गरम नायट्रिक आम्ल कॉर्डिएराइटमधून मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम विरघळवते. ठोकळा चकचकीत स्वच्छ दिसतो आणि पुढच्या उष्ण फेरीत चुरा होतो. मजबूत आम्लाने लवकर काम होते हे खरे असले, तरी ते कोणावर होते हे पाहिले पाहिजे.

प्रत्येक धुण्याच्या पाण्याचा नमुना ठेवून त्यातील पॅलेडियम मोजावा. धातू पाण्यात उतरत असेल तर काम तेथेच थांबवावे.

व्हिनेगरलाही दाद न देणारा पांढरा थर असेल तर?

तो बहुधा कॅल्शियम सल्फेट असतो, म्हणजे गंधक आणि चुना यांचे एकत्र आलेले दुखणे. एक लिटर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते, त्यामुळे भरपूर पाणी आणि चिकाटी हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग अमोनियम कार्बोनेटच्या द्रावणाने सल्फेटचे कार्बोनेट करून नंतर ॲसिटिक आम्लाने ते काढण्याचा. सोडियम कार्बोनेट स्वस्त असले तरी येथे चालत नाही, कारण सोडियम आत राहतो. अमोनिया पॅलेडियमशी संयुग करू शकतो, म्हणून एका कापलेल्या तुकड्यावर चाचणी घेतल्याशिवाय सर्व ठोकळ्यांवर हा प्रयोग करू नये.

वाळवण्यात घाई केली तर काय होते?

नळ्यांत साचलेले पाणी आधी हवेने हलकेच काढून घ्यावे, सावलीत एक दिवस निथळू द्यावे आणि मग मिनिटाला एक-दोन अंश या गतीने ११० ते १२० अंशांपर्यंत नेऊन तेथे कित्येक तास ठेवावे. घाई केली तर लेपाच्या छिद्रांतील पाण्याची एकदम वाफ होते आणि लेपाचे पापुद्रे सुटतात. वाळवल्यानंतर खाली सापडणारी पिवळसर किंवा तपकिरी बारीक पूड हा त्याचा पुरावा. ती तोलावी.

गंधकाने बाधलेला उत्प्रेरक पुन्हा चालू होतो का?

होतो, आणि पुनरुज्जीवनाचा खरा उपयोग येथेच दिसतो. सल्फर डायऑक्साइड पॅलेडियमवर सल्फेट बनवतो. शिवाय लेपातील ॲल्युमिनाही सल्फेट धरून ठेवतो. हवेत तापवून हे सल्फेट काढायचे तर साधारण ७०० अंशांच्या वर जावे लागते, आणि त्या तापमानाला पॅलेडियमचे कण एकत्र येऊ लागतात. एक दुखणे काढताना दुसरे लागते ते असे.

म्हणून क्षपणकारी, म्हणजे ऑक्सिजन ओढून घेणाऱ्या, वायूचा मार्ग अधिक चांगला. नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून ५०० ते ६०० अंशांना तो ठोकळ्यांवरून फिरवला की सल्फेट मोडतात आणि गंधक सल्फर डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड होऊन निघतो. निर्गम वायू कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणातून नेणे अत्यावश्यक आहे. क्षपण जास्त वेळ लांबवले तर पॅलेडियम सल्फाइड तयार होण्याची भीती असते, म्हणून निघणारा गंधक मोजत राहावे आणि तो मंदावला की थांबावे. त्यानंतर नायट्रोजनने पूर्ण धुऊन, सावकाश हवा सोडत पॅलेडियमचे पुन्हा ऑक्साइड करावे. ही शेवटची पायरी वगळली तर उत्प्रेरक पहिले काही तास विचित्र वागतो आणि उपचार फसला असे वाटते.

हायड्रोजन वापरणे धोक्याचे नाही का?

धोक्याचे आहे, आणि त्यासाठीच शिस्त हवी. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या विस्तृत पट्ट्यात पेटतो. सिलिंडरमध्येच नायट्रोजनबरोबर मिसळून आलेले २ ते ४ टक्क्यांचे मिश्रण घ्यावे. जागेवर मिसळू नये. हवा आणि हायड्रोजन यांच्यामध्ये दर वेळी नायट्रोजनची फेरी हवी. हे काम खाणीच्या आवारात कधीही करू नये. ठोकळे वाहून कार्यशाळेत न्यावेत.

भट्टी न उघडता, जागेवरच पुनरुज्जीवन करता येते का?

वाफेची अडवणूक जागेवर दूर करता येते, कारण त्यासाठी थराचे तापमान थोडे वाढवणे पुरते. सौम्य गंधकबाधाही काही प्रमाणात हटते. धूळ, मीठ आणि चुना यांसाठी ठोकळे बाहेर काढण्याला पर्याय नाही. जागेवर पाणी मारण्याचा मोह टाळावा. वरच्या थरातील घाण खालच्या स्वच्छ थरात उतरते.

कण एकत्र येऊन मोठे झाले असतील, तर?

असा एकत्र आलेला, म्हणजे सिंटरिंग झालेला, पॅलेडियम धुऊन किंवा तापवून मूळ विखुरलेल्या स्थितीत विश्वासाने परत आणता येत नाही. लेप शाबूत असेल तर पॅलेडियम नायट्रेटच्या द्रावणात ठोकळा भिजवून, वाळवून आणि सुमारे ५०० अंशांना भाजून थोडा नवा धातू चढवता येतो. नायट्रेटच घ्यावे, क्लोराइड नव्हे. लेपच खचून निकामी झालेला असेल तर नुसता धातू चढवणे म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीला रंग देणे आहे. तेथे लेपही नव्याने द्यावा लागतो, आणि तेवढ्या खर्चात नवा ठोकळा परवडतो का हे आधी पाहावे.

पुनरुज्जीवन यशस्वी झाले, हे कशावरून ठरवावे?

ठोकळ्यातून २५ मिलिमीटर व्यासाचा गाभा कापून घ्यावा. ०.५ टक्के मिथेन आणि ४ टक्के वाफ असलेल्या हवेत, भट्टीत असतो त्याच प्रवाहवेगाने, निम्मा मिथेन जळण्यासाठी लागणारे तापमान मोजावे. ही चाचणी तीन तुकड्यांवर करावी : जपून ठेवलेला नवा, बाहेर काढलेला आणि उपचार केलेला. मग उपचार केलेला तुकडा किमान दोन-तीन दिवस सलग चालवून पुन्हा मोजावे. पहिल्या तासातील आकडा नेहमीच गोड असतो. तिसऱ्या दिवशीचा आकडा खरा. त्याबरोबर ठोकळ्याची दाबसहनशक्तीही मोजावी, कारण वरच्या थरांचे वजन खालच्याला पेलायचे असते.

असे किती वेळा करता येते?

याला ठरावीक आकडा नाही. धुण्याने प्रत्येक वेळी थोडा लेप जातो आणि आम्लाने भिंती थोड्या झिजतात. वजन, ताकद आणि निम्म्या ज्वलनाचे तापमान या तीन नोंदी प्रत्येक ठोकळ्याच्या नावे ठेवल्या, तर थांबण्याची वेळ त्याच सांगतात.

महाराष्ट्रातील खाणींना याचा कितपत उपयोग आहे?

थेट उपयोग मर्यादित आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात उघड्या खाणींचे उत्पादन मोठे आहे, आणि उघड्या खाणीतला मिथेन पंख्याच्या एका तोंडाशी गोळा होत नाही. देशात वायूचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या, म्हणजे टनामागे १० घनमीटरहून अधिक मिथेन देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीच्या खाणींसाठी झारखंडमधील झरिया कोळसाक्षेत्राकडे, तेथील मुनीडीहसारख्या खाणींकडे पाहावे लागते. मात्र या कामाला लागणारे ज्ञान महाराष्ट्रात आहे : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर, तर नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत पर्यावरणावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. झरियातील ठोकळे तपासायला विदर्भात येणे अशक्य नाही, आणि येथील विद्यार्थ्यांनी हा विषय परका मानू नये.

पुन्हा न सुधारणाऱ्या ठोकळ्यांचे काय करावे?

ते कचऱ्यात किंवा भरावात टाकू नयेत. वापरून संपलेल्या उत्प्रेरकांची विल्हेवाट घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांना धरून, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्चक्रण केंद्रामार्फतच करावी. ठोकळे दळून आम्लात विरघळवून किंवा वितळवून त्यांतील पॅलेडियम परत मिळवला जातो, आणि हीच रक्कम नव्या ठोकळ्यांच्या खर्चाला हातभार लावते. देताना ठोकळ्यांचे वजन कोरड्या स्थितीत करावे, कारण ओलावा धरलेल्या लेपामुळे हिशेबात तफावत येते. चूर्ण करून एकजीव केलेल्या मालातून दोन्ही पक्षांसमोर नमुना घ्यावा, त्याचे तीन भाग करून ते मोहोरबंद करावेत. एक केंद्राकडे, एक आपल्याकडे, आणि तिसरा वाद झाल्यास त्रयस्थ प्रयोगशाळेसाठी.